आईचा 1972 सालचा मिक्सर: दुरुस्त करू की नवा घेऊ?

शहापूरची_पोर | 9 जून, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्या शहापूरच्या घरी (बेळगावातलं शहापूर, ठाण्याजवळचं नव्हे) आईचा मिक्सर आहे, 1972 सालचा. बाबा रेल्वेत होते. मुंबईला ट्रेनिंगला गेले होते, तिकडून येताना रात्रभर मांडीवर घेऊन आले. वॉरंटी कार्ड अजून ट्रंकेत आहे. त्यावर बाबांच्या अक्षरात पत्ता: 'शहापूर, बेळगाव, म्हैसूर राज्य'.

पत्र्याची बॉडी, क्रीम रंग, आता चहाच्या डागासारखा झालेला. पुढे एकच फिरवायचं बटण, त्यावरचा 2 कधीच पुसला गेलाय. भांडं स्टीलचं. झाकणाची मूठ मोडली तेव्हा बाबांनी तिथं बाटलीचं बूच स्क्रूनं बसवलं, तेच आजतागायत आहे.

महिनाभर झाला, दोन मिनिटं चालवला की वास येतो आणि खालच्या फटींतून निळं निळं दिसतं. बटण 1 वर नि 2 वर ढिम्म, थेट 3 वर सुटतो. तीन ठिकाणी दाखवला. पहिल्यानं न उघडताच 'आर्मेचर सुट्टैति री' (मोटरीचा फिरणारा भाग जळलाय) म्हणून सांगितलं, 1900 रुपये, गॅरंटी नाही. दुसरा म्हणाला, याचे पार्ट येत नाहीत, टाका नि एक्स्चेंजमध्ये नवा घ्या, 300 कमी करतो. तिसऱ्यानं आठ दिवस ठेवून घेतला आणि जसाच्या तसा परत दिला. आत बघितलं तरी का कोण जाणे.

भाऊ बेंगळुरूला. तो म्हणतो, ताई नाटकं नकोत, ऑनलाइन मागवतो, परवा येईल. आई 76 वर्षांची. तिला विचारलं तर 'तुम्ही ठरवा'.

मला मात्र टाकवत नाही. रोज सकाळी आई ओट्यापुढे पाट टाकते, पदर खोचून पाटावर उभी राहते (उंचीला कमी आहे ती), एक हात झाकणाच्या बुचावर, आणि शेंगाचटणी. मी शाळेत असल्यापासून हेच बघतेय. काय करू?

---

पुण्यातला_बेळगावकर | 9 जून, रात्री 10:20

नवा घ्या. जुना शोकेसमध्ये ठेवा. धागा संपला.

---

मांडेवाली_काकू | 9 जून, रात्री 10:41

अजिबात टाकू नकोस गं पोरी! मी सात वर्षांत दोन नवे घेतले. एकाचा खालचा प्लास्टिकचा गट्टू (भांडं मोटरीला जोडतो तो) दर सहा महिन्यांनी गुळगुळीत व्हायचा, भांडं नुसतं बसून राहायचं आणि खाली मोटर भिरभिरायची. दुसऱ्याच्या भांड्याचा बुश गेला, पाणी थेट मोटरीत. दोन्ही वेळा दुकानदाराचं एकच, 'अक्का, आता सगळे असेच येतात.'

आणि चटणीचं म्हणशील तर नव्यात शेंगाचटणी होतच नाही. शेंगदाण्याचं लोणी होतं. चटणीत दाणा दाताखाली आला पाहिजे, लसूण बोटाला लागला पाहिजे. त्यासाठी थांबत थांबत फिरवावं लागतं, आणि नव्याचं बटण पहिल्याच घराला एवढं पळतं की थांबवेपर्यंत तेल सुटलेलं असतं.

---

गोवावेस_कट्टा | 9 जून, रात्री 10:55

म्हणजे मिक्सर म्हैसूर राज्यातला, राहतो कर्नाटकात, मालक मराठी, मेकॅनिक कानडी आणि गावाचं नाव बेळगावी. अशा मिक्सरची केस थेट सुप्रीम कोर्टात.

---

संपादक | 9 जून, रात्री 11:02

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, त्याची 41 पानं झालीत. इथे मिक्सरच राहू द्या.

---

गोवावेस_कट्टा | 9 जून, रात्री 11:03

मिक्सरबद्दलच बोलूलालो की साहेब.

---

अण्णा_तिलकवाडी | 10 जून, सकाळी 6:30

कार्डावरच्या 'म्हैसूर राज्य'वर हसू नका रे. राज्याचं नाव कर्नाटक झालं 1 नोव्हेंबर 1973ला. म्हणजे 1972चं कार्ड बरोबरच आहे. जपून ठेव बाळ, लॅमिनेशन मात्र करू नकोस, जुना कागद खराब होतो त्यानं.

आता मूळ विषय. मिक्सर आपल्याकडे आला तो परदेशी. तिकडं त्याचं काम काय, फळांचा रस नि दुधाचं शेक. आपल्या बायकांनी त्यात सुकं खोबरं, हळकुंड, भिजलेली उडदाची डाळ घातली. जळणारच. सीमेन्समध्ये काम करणाऱ्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी असाच एक जर्मन मिक्सर जळला, दुरुस्त होईना, तेव्हा त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी दमदार मोटर घालून देशी मिक्सर बनवला. तोच सुमीत. 60च्या दशकातली गोष्ट. आपल्याकडं तर कितीतरी घरांत मिक्सर म्हणजे सुमीत आणि सुमीत म्हणजे मिक्सर, दुसरा शब्दच नव्हता.

यंत्राला आपल्या गावची हवा मानवते, हे आमच्या वडिलांचं वाक्य. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888मध्ये सायकलचं दुकान काढलं ते आपल्या बेळगावात. पुढं चारा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि 1910मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी. उद्यमबागेत आज जे फाउंड्री नि टर्निंगवाले बसलेत त्यांना तुझ्या मिक्सरचा कुठलाही भाग बनवणं अवघड नाही. प्रश्न एवढाच, की 60 रुपयांच्या भागासाठी कोण लेथ चालवणार.

---

कुंदा_कमी_साखर | 10 जून, सकाळी 8:15

अण्णा, मिक्सरपासून किर्लोस्करवाडीला तीन वाक्यांत पोचलात. मिरजेला गाडी बदलायची पण गरज पडली नाही.

---

निपाणी_जुनं_पान | 10 जून, सकाळी 9:40

माझं मत कुणाला आवडणार नाही. मिक्सरच नको. आमच्या आजीनं शेवटपर्यंत मिक्सरमधली चटणी खाल्ली नाही, 'लोखंडाचा वास येतो' म्हणायची. पाटा-वरवंटा होता. दर दोनेक वर्षांनी टाकीवाल्या बाया यायच्या, 'टाकी लावायचीय काऽ' अशी आरोळी ऐकू आली की आजी पाटा अंगणात आडवा करायची. छिन्नी-हातोड्यानं टकटक टकटक, अर्ध्या तासात सगळ्या पाट्यावर बारीक खड्डे. नंतर पहिलं वाटण मीठ नि कोंड्याचं, ते टाकून द्यायचं, दगडाची कच जाण्यासाठी.

आता त्या बाया येत नाहीत. पाटा आहे, गुळगुळीत झालाय, त्यावर बायको कपडे घासते.

---

मांडेवाली_काकू | 10 जून, सकाळी 10:05

@निपाणी_जुनं_पान, आजीचं कौतुक करताय, पाट्यावर वाटत होतात का कधी स्वतः? वीस माणसांच्या घरात सून म्हणून आले मी. सकाळी पाचला पाट्यावर बसायचं, आठला उठायचं. मिक्सर आला त्या दिवशी मी त्याला हळदीकुंकू लावलं होतं. पाट्याची चव काय ती तुम्हीच घ्या.

---

निपाणी_जुनं_पान | 10 जून, सकाळी 10:30

काकू, बरोबर आहे तुमचं. माघार.

---

खानापूरचा_पाऊस | 10 जून, दुपारी 1:10

आमच्याकडं जून ते सप्टेंबर मिक्सरला नेहमी काही ना काही होतंच. खानापूरच्या पुढं जंगलात घर, भिंतीला हात लावला तर ओला. मिक्सर दोन दिवस वापरला नाही की पहिल्यांदा गुरगुरतो. आमच्या वडिलांचा उपाय, रात्री मिक्सरशेजारी 40चा बल्ब लावून वर टोपलं पालथं घालायचं. सकाळी खडखडीत. एलईडी आल्यापासून तो उपाय पण गेला, त्याला ऊबच नाही.

तुमच्या मिक्सरला वास येतो तो कसला? जळक्या रबराचा, की इस्त्री जास्त तापल्यासारखा, की फटाक्यासारखा? यावरून बरंच कळतं म्हणतात.

---

उद्यमबाग_फिटर | 10 जून, रात्री 9:25

उशिरा आलो. 34 वर्षं मोटर वाइंडिंग केलंय, आता डोळ्यांमुळं बंद. सौकास लिहितो, सगळ्यांनी सौकास वाचा.

मिक्सरमधली मोटर पंख्यासारखी नसते. आत फिरतं ते आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, त्याला कम्युटेटर म्हणायचं. त्यावर दोन बाजूंनी स्प्रिंगनं दाबलेले कार्बन, शिसपेन्सिलीच्या तुकड्याएवढे. वीज त्या कार्बनमधून जाते. म्हणजे कार्बन झिजणार, हे त्याचं कामच आहे. बुटाचा सोल झिजला म्हणून कुणी पाय कापत नाही.

ठिणगी बघायची कशी ते सांगतो. स्वयंपाकघर अंधार करा, मिक्सर रिकामा फिरवा. कार्बनच्या टोकाला बारीक निळी चमक असेल तर ती असतेच, घाबरू नका. ठिणगी मोठी, तडतडणारी असेल तर कार्बन संपलाय किंवा अडकलाय. आणि सगळ्या गोलाभोवती आगीची बांगडी दिसली तर मात्र आर्मेचरवर संशय. आर्मेचर जळलंय हे न उघडता सांगणारा माणूस एकतर देव आहे नाहीतर त्याला 1900 रुपये पाहिजेत. आमच्याकडं ते ग्राउलरवर (शॉर्ट शोधायच्या चुंबकी यंत्रावर) ठेवून बघतात, वर करवतीचं पातं धरायचं. शॉर्ट असेल तिथं पातं थरथरतं.

1 आणि 2 वर चालत नाही, 3 वर चालतो, हे बहुतेक स्विच किंवा फील्ड कॉइलच्या (आर्मेचरभोवतीच्या न फिरणाऱ्या गुंडाळीच्या) टॅपिंगचं, म्हणजे वेगासाठी मधून काढलेल्या तारांचं दुखणं. तेही बघता येतं.

रिवाइंडिंग करायचीच वेळ आली तर दोन गोष्टी विचारा. तार मूळ जाडीचीच घालणार का? वार्निश लावून भट्टीत भाजणार का? नुसतं ब्रशनं वार्निश फासून उन्हात ठेवणारे भरपूर आहेत. ते आर्मेचर मिनिटाला हजारो फेरे फिरतं, तार जागची हलली की पुन्हा तुमचे 1900.

घरी कुणी उत्साहात उघडणार असेल तर, वरचा गट्टू बऱ्याच मिक्सरांत उलट्या आट्यांचा असतो. सुलट्या दिशेनं जोर लावून तो आणखी आवळून बसवलेले लोक मी पाहिलेत. कम्युटेटर साफ करायला एमरी पेपर लावू नका, काचपेपर लावा, बारीक.

आता माझा एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर द्या. आई पाटावर उभी राहून मिक्सर लावतात असं लिहिलंय. गॅसपुढे पण पाट घेतात का?

---

शहापूरची_पोर | 10 जून, रात्री 9:58

सर, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. कुणीतरी पहिल्यांदाच नीट समजावून सांगितलं.

पाट? नाही, गॅसपुढे नाही घेत. ओटा एकच आहे तसा... थांबा. खरंच, फक्त मिक्सरलाच घेते.

---

उद्यमबाग_फिटर | 10 जून, रात्री 10:01

तो पाट उंचीसाठी नाही.

मिक्सरची पिन आत्ता काढा. प्लग दोन पिनांचा आहे ना? उद्या सकाळी आईंना विचारा, हाताला काही लागतं का. तोवर कुणी चालवू नका. पत्र्याची बॉडी आहे, आईंचं वय 76 आहे, ओटा ओला असतो.

---

पुण्यातला_बेळगावकर | 10 जून, रात्री 10:04

बाप रे.

---

कुंदा_कमी_साखर | 10 जून, रात्री 10:16

आमच्या जुन्या फ्रिजला पण चुणचुण येते पावसाळ्यात. पंधरा वर्षं झाली, कुणाला काही झालं नाही. एवढं घाबरवू नये असं वाटतं.

---

उद्यमबाग_फिटर | 10 जून, रात्री 10:30

@कुंदा_कमी_साखर, पंधरा वर्षं तुमचे पाय कोरडे होते. चुणचुण म्हणजे करंट तुमच्यातून जमिनीत जातोय, फक्त वाट अरुंद आहे. लादी ओली झाली, पाय अनवाणी असला, दुसरा हात नळाला लागला की वाट रुंद होते. घरात बसवतात ते ईएलसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) 30 मिलीअँपिअरवर उडतं. तीस हजारांश अँपिअर फक्त. तुमच्या घरातला साधा बल्ब याच्या कितीतरी पट ओढतो. यावरून समजा माणसाला किती पुरतं ते. तुमच्या फ्रिजचा सॉकेट उघडून बघा, तिसऱ्या मोठ्या भोकाला मागं वायर आहे का. नसणार.

---

कुंदा_कमी_साखर | 11 जून, सकाळी 7:50

नाही. आत्ताच इलेक्ट्रिशियनला बोलावून बघितलं. नुसतं भोक.

---

शहापूरची_पोर | 11 जून, सकाळी 11:20

आईला विचारलं. जसं बोलली तसं लिहिते.

'होय की. मुंग्या येतात हाताला. तुझे बाबा होते तेव्हापासून येतात. ते म्हणाले लाकडावर उभी राहा, मग काही होत नाही. म्हणून पाट.'

मी विचारलं, किती वर्षं? म्हणाली, 'तू दुसरीत होतीस.' मी दुसरीत होते 1985ला.

पुढे ऐका. प्लगवर एका बाजूला लाल ठिपका आहे. मला आपलं वाटायचं नेलपॉलिश सांडलं असेल. आई म्हणाली, 'तो मीच लावला. ठिपका वर ठेवून पिन घातली तर मुंग्या कमी येतात. उलटी घातली तर जास्त.'

मी ओट्याला टेकून खालीच बसले. चाळीस वर्षं ती रोज सकाळी एक हात बुचावर ठेवून उभी, आणि मी इथं त्याचं वर्णन किती गोड करून लिहिलंय बघा.

---

उद्यमबाग_फिटर | 11 जून, दुपारी 12:05

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. दोन पिनांचा प्लग कसाही घालता येतो. एका बाजूनं फेज स्विचकडून आत जातो, दुसऱ्या बाजूनं गळती असलेल्या कॉइलकडून. गळती न्यूट्रलच्या अंगाला पडली की बॉडीवर कमी व्होल्टेज येतं. आमच्या कारखान्यात पोरं टेस्टर घेऊन हे शिकायला आठवडा लावायची. यांनी नेलपॉलिशवर काम भागवलं.

कारण काय असेल त्याचा अंदाज सांगतो. कार्बन झिजतो म्हणजे त्याची पूड होते, ती आतच साचते. कार्बनची पूड वीज वाहून नेते. त्यात वरून भांड्याचं पाणी झिरपलं, त्याची पेस्ट झाली आणि कॉइलपासून पत्र्यापर्यंत पूल बांधला गेला. असं असेल तर आर्मेचरला काही झालेलं नसेल पण.

दुकानाचं नाव इथं लिहीत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडं एक ओळखीचा वाइंडर आहे, व्यनि (खासगी निरोप) करतो. माझं नाव सांगा आणि आधी मेगर (गळती मोजायचं मीटर, काटा शून्याकडं म्हणजे गळती) लावून दाखव म्हणा.

---

मांडेवाली_काकू | 11 जून, दुपारी 12:40

बायकांची जात. मुंग्या येतात म्हणून सांगायचं नाही, ठिपका लावायचा नि चटणी करायची. पोरी, आईला एकदा ओरड माझ्या वतीनं. नंतर जवळ बस तिच्या.

---

चंदगडी_आंबोळी | 11 जून, दुपारी 3:15

आम्ही सीमेच्या पलीकडचे, पण बाजार बेळगावचाच. आमच्या घरी मिक्सर नाही, आईचं पितळी पुरणयंत्र आहे, त्याच्या जाळीला हिरवट डाग धरलेत. कल्हई करणारा कुठं मिळेल? की स्टीलचं घ्यावं? होळीला पुरण त्यातूनच काढतो.

(धागा हायजॅक केल्याबद्दल माफी.)

---

अण्णा_तिलकवाडी | 11 जून, सायंकाळी 5:00

बोगारवेशीत विचार. बोगार म्हणजेच कानडीत तांब्या-पितळेचं काम करणारे, त्यांच्यावरून वेशीचं नाव. भांड्यांची दुकानं आहेत, कल्हईवाल्याचा पत्ता तेच देतील. हिरवे डाग असताना पुरण काढू नका. गूळ नि ओलावा लागला की पितळेला कळंक चढतो, तो पोटात जाता कामा नये. चिंच-मिठानं घासा, मग आतून कल्हई. आणि स्टीलचं घेतलंस तरी हे टाकू नको. जुन्या पितळी यंत्राचा दांडा हाताला जसा बसतो तसा स्टीलचा बसत नाही.

---

गोवावेस_कट्टा | 11 जून, सायंकाळी 5:20

अण्णा, पुरणयंत्र किर्लोस्करांनी नाही ना काढलं?

---

अण्णा_तिलकवाडी | 11 जून, सायंकाळी 5:26

नाही. पण काढलं असतं तर तुझ्या हयातीत मोडलं नसतं.

---

पुण्यातला_बेळगावकर | 14 जून, रात्री 8:00

काय झालं पुढं? मी पहिलं वाक्य लिहून मोकळा झालो होतो, आता रोज येऊन बघतोय.

---

शहापूरची_पोर | 22 जून, रात्री 9:35

उशिराबद्दल क्षमस्व. सगळं सविस्तर लिहिते.

फिटर सरांनी सांगितलेल्या ठिकाणी गेले. पत्र्याचं शेड, बाहेर पंपांच्या मोटरींची रांग, मिक्सर घेऊन येणारी मी एकटीच. त्यांनी आधी मेगर लावला, एक तार बॉडीला, एक पिनेला. काटा जवळजवळ शून्यावर. ते कानडीत काहीतरी म्हणाले, मला एवढंच कळलं की 'देवरू' (देव) म्हणाले.

मग माझ्यासमोर उघडला. गट्टू उलट्या आट्यांचाच निघाला. आत काय होतं सांगू? काळी पूड, आणि त्यात चिकटलेलं पिवळं वाळकं काहीतरी. त्यांनी नखानं उकरून वास घेतला नि हसले. 'डोसा.' उजव्या बाजूचा कार्बन त्या वाळलेल्या पिठात अडकून बसला होता, स्प्रिंग दाबत होती पण तो पुढं सरकतच नव्हता. डावा झिजून मटाराएवढा. म्हणजे वास, ठिणग्या, सगळं त्याचंच. आर्मेचर ग्राउलरवर ठेवलं, करवतीचं पातं हललंसुद्धा नाही. ठणठणीत.

फील्ड कॉइल ब्लोअरनं साफ केली, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजली. स्विचचा एक पॉइंट काळा झाला होता, तो घासून दिला, आता 1 नि 2 पण चालतात. कार्बनची जोडी, भांड्याचा बुश नि वायसर, नवीन तीन तारांची केबल, तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची तार पत्र्याला स्क्रू मारून. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेगर, काटा पार दुसऱ्या टोकाला. एकूण 870 रुपये. पावतीवर त्यांनी लिहिलंय, 'हळे मिक्सर 1'. जुना मिक्सर, नग एक.

पण घरी आणून लावायला गेले तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागं काहीच नाही. कुंदावाल्यांसारखंच. आमचं घर बाबांच्या वडिलांनी बांधलेलं, वायरिंग लाकडी पट्टीवरचं. मग इलेक्ट्रिशियन बोलावला. मागच्या परसात, विहिरीच्या बाजूला खड्डा, त्यात जीआय पाइप, भोवती मीठ नि कोळसा, वर विटांचा चौथरा आणि पाणी ओतायला फनेल. स्वयंपाकघरापर्यंत हिरवी वायर. मेनला 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी. त्याचं टेस्टचं बटण दाबलं की घर बंद, मला फार आवडलं, तीनदा दाबलं. हे सगळं मिळून 7,400. मिक्सरपेक्षा खड्डा महाग.

आरसीसीबी पहिल्याच रात्री आपोआप उडालं. कारण निघालं बाथरूमचा गीझर. तो कुणाला चुणचुणत नव्हता, कारण आई त्यालाही हात लावताना टॉवेल धरते.

भावाचा नवा मिक्सर पण मधल्या काळात आला. आई डोशाचं पीठ त्यात करते. म्हणते भांडं मोठं आहे, झाकण पारदर्शक आहे, आत दिसतं. चटणी मात्र जुन्यात.

---

मांडेवाली_काकू | 22 जून, रात्री 9:50

गीझरला टॉवेल!! कपाळ माझं. आणि आता पाट?

---

शहापूरची_पोर | 22 जून, रात्री 10:08

अजून घेते. मी म्हटलं, आई आता गरज नाही. तर म्हणाली, 'असू दे. आणि हे बघ, आता हाताला काहीच लागत नाही तर मला कळतच नाही चालू आहे की नाही. आवाज येतो, पण हाताला कळलं पाहिजे ना.'

ठिपका शोधत होती नव्या प्लगवर. तीन पिनांचा प्लग एकाच बाजूनं बसतो हे तिला पटायला दोन दिवस लागले.

---

उद्यमबाग_फिटर | 22 जून, रात्री 10:20

छान. दोन गोष्टी. उन्हाळ्यात त्या अर्थिंगच्या फनेलात आठवड्याला एक बादली पाणी घालत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग कामाचं राहत नाही. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. तीनदा नको.

जुने कार्बन टाकलेत का? टाकले नसतील तर डब्यात ठेवा, पुढच्या वेळी माप दाखवायला. दुकानात 'मिक्सरचा कार्बन' म्हणून मागितलं तर कुठलाही देतात, अर्धा मिलिमीटर जाड असला तरी पुन्हा अडकतो.

---

शहापूरची_पोर | 22 जून, रात्री 10:31

ठेवलेत. वॉरंटी कार्डासोबत, ट्रंकेत.

---

खानापूरचा_पाऊस | 23 जून, सकाळी 7:15

तुमचं वाचून काल आमच्या पाण्याच्या मोटरीचा पत्रा टेस्टरनं बघितला. टेस्टर पेटला. बायकोला विचारलं तर म्हणे, 'मग काय, म्हणून तर मी स्लीपर घालते.' व्यनिची वाट बघतोय फिटर साहेब.

---

कुंदा_कमी_साखर | 23 जून, सकाळी 8:02

माझा फ्रिज पण रांगेत धरा.

---

निपाणी_जुनं_पान | 23 जून, सकाळी 9:20

सगळं झालं, पण शेंगाचटणीची कृती कुणी विचारलीच नाही. आईंना विचारून द्या हो.

---

शहापूरची_पोर | 23 जून, दुपारी 1:45

विचारलं. 'शेंगदाणे खमंग भाजून सोलून घ्यायचे. लसूण सालीसकट. तिखट, मीठ, जिरं. आधी लसूण-तिखट-मीठ फिरवायचं, मग दाणे टाकून बटण 1 वर, थांबत थांबत.' प्रमाण विचारलं तर 'अंदाजानं'. बटण 1 वर किती वेळ विचारलं तर बुचावर हात ठेवून दाखवला.

---

बॅचलर_अनगोळ | 25 जून, रात्री 11:50

नमस्कार, नवीन सदस्य. माझ्याकडे आजोबांची इस्त्री आहे, दोन पिनांची, धरली की गुदगुल्या होतात. दुरुस्त करू की नवी घेऊ?

---

गोवावेस_कट्टा | 25 जून, रात्री 11:52

पिन काढ आधी. मग पहिल्यापासून वाच.